गोंडा कुठं लावायचा

(प्रभागसंघाच्या वार्षिक सभेत आपल्या शिवणगटातल्या एका ताईंनी केलेलं हे बोलणं. सभेनंतर बऱ्याच गटांनी मापं आणि हिशेब पुन्हा विचारला, म्हणून मोबाइलवरचं रेकॉर्डिंग ऐकून लिहून काढलं आहे. बोलण्याची भाषा तशीच ठेवली आहे.)

आत्ताच आपण सावित्रीबाईंच्या फोटोला हार घातला. आपल्याच सातारा जिल्ह्यातल्या नायगावच्या त्या. त्यांना वंदन करून बोलते. मला भाषण येत नाही. मागच्या वर्षी याच सभेत नाव पुकारलं तेव्हा मी पाणी प्यायला म्हणून जी बाहेर गेले ती जेवणालाच परत आले. या वेळी अध्यक्षताईंनी मला पहिल्या रांगेत बसवलं आणि दाराकडं स्वतः बसल्या. म्हणून उभी आहे.

मला सांगितलंय की कुत्र्या-मांजरांच्या गाद्या शिवायच्या धंद्यात तुमचं काय चुकलं ते सांगा. काय जमलं ते नको, म्हणाल्या, ते सगळेच सांगतात. तर चुकलेलंच सांगते.

आमच्या गटात आम्ही ९ जणी शिवणाऱ्या. २०२० साली करोनात कापडी मास्क शिवले, तेव्हा मशीन रात्री अकरापर्यंत चालायची. मास्कचं काम बंद झालं आणि मशीनवर दळणाचे डबे ठेवायला लागलो. ब्लाऊज, फॉल-पिको एवढंच. त्यातही गावात शिवणाऱ्या सात आणि शिवून घेणाऱ्या त्याच त्या. मग आमच्यातल्या एकीच्या भाचीनं पुण्याहून फोन केला. तिच्याकडं कुत्रं आहे, म्हातारं झालंय, फरशीवर त्याची हाडं दुखतात. ती म्हणाली, मावशी, आजीच्या वाकळेसारखी एक जाड वाकळ त्याच्या मापाची शिवून दे.

आपल्याकडं वाकळ म्हणतात, पुण्याकडं गोधडी. वस्तू एकच. जुन्या सुती साड्यांचे थर आणि वरून धावदोरा.

घरात ऐकल्यावर काय झालं ते सांगायला नको. माझे सासरे म्हणाले, आता कुत्र्याला अंथरूण घालणार काय? गल्लीत तर आम्हाला नावच पडलं, कुत्र्याच्या गादीवाल्या. मला पण लाज वाटायची, खोटं कशाला बोलू. बाजारात कुणी विचारलं तर मी “उशा शिवतो” म्हणायची.

पण माझ्या सासूबाई गप्प होत्या. त्या उठल्या, माळ्यावरची ट्रंक काढली आणि आमच्या बैलांच्या झुली माझ्यापुढं टाकल्या. आषाढात आपल्याकडं बेंदूर असतो, बाकी महाराष्ट्रात बऱ्याच ठिकाणी श्रावणाच्या अमावास्येला पोळा. त्या दिवशी बैलाच्या पाठीवर टाकायची झूल सासूबाईंनी हातानं शिवलेली. लाल कापड, वर आरसे, कडेला गोंडे, आणि आतल्या बाजूनं मऊ अस्तर. का, तर आरशाच्या मागचे टाके बैलाच्या पाठीला टोचू नयेत. त्या म्हणाल्या, “बैलाला शिवताना लाज वाटली न्हाई, मग कुत्र्याला शिवताना का वाटती?”

खरंच बघा. थंडीत करडाच्या अंगावर आपण गोणपाट शिवून घालतो. कोळपताना बैलानं पिकात तोंड घालू नये म्हणून त्याला मुसकी बांधतो. करडांनी सगळं दूध पिऊन टाकू नये म्हणून शेळीच्या कासेला पिशवी शिवून बांधतो. जनावरासाठी शिवणं आपल्याला नवं नाहीच. पैसे घेऊन शिवणं तेवढं नवं.

तर पहिली वाकळ गेली. आठ दिवसांत भाचीचा फोन, मावशी, कुत्रं खूश आहे पण वाकळ उसवली. बघितलं तर आमचा धावदोरा लांब टाक्याचा. माणूस वाकळेवर येऊन झोपतो. कुत्रं तसं झोपत नाही. ते आधी गोल फिरतं, पुढच्या पायांनी उकरतं, मग अंग टाकतं. उकरताना नख लांब टाक्यात अडकतं, दोरा ओढला जातो, आणि एक दोरा निघाला की मागची ओळच जाते. वर कुत्र्याची वाकळ दर आठवड्याला धुवावी लागते, आणि पाच थरांची वाकळ पावसाळ्यात चार दिवस वाळत नाही, वास मारते.

म्हणून वाकळ सोडली आणि गादी धरली. आत मांजरपाटाची पिशवी, त्यात भरण, वरून साडीची खोळ आणि खोळीला चेन. खोळ काढायची, धुवायची, परत घालायची. (मांजरपाट म्हटल्यावर आमच्यातल्या एकीनं विचारलं होतं, मांजराच्या गादीला मांजरपाट आणि कुत्र्याच्या गादीला काय? अजून हसतो आम्ही.)

आता शिवणाऱ्या ताईंनी जरा लक्ष द्या, कारण बाकी सगळं विसरलात तरी हे कामाला येईल.

माप कुत्र्याच्या उंचीवर घ्यायचं नाही. ते आडवं पसरून झोपलेलं असताना नाकापासून शेपटीच्या बुडापर्यंत घ्यायचं, आणि त्यात एक वीत जास्त धरायची. गिऱ्हाईक फोनवर “मध्यम आकार” म्हणतं. मध्यम म्हणजे काय ते कुणालाच माहीत नसतं. इंच विचारा. आमची सगळ्यात जास्त खपणारी गादी २४ बाय ३० इंचाची आहे.

साडी सुतीच घ्यायची. नायलॉनची, जॉर्जेटची घसरते, उन्हाळ्यात तापते आणि नखाला लगेच ओढली जाते. साडी उजेडाकडं धरून बघायची. जिथून उजेड आरपार येतो तिथं ती विरलेली असते, तो भाग खोळीत घालायचा नाही, आत भरणात जाऊ द्या. पांढरं फडकं ओलं करून साडीवर जोरात घासायचं. फडक्याला रंग लागला तर ती साडी बाजूला. पांढऱ्या कुत्र्याला एकदा आम्ही गुलाबी करून पाठवलंय.

शिवणीला अर्धा इंच माया ठेवायची. एक टीप मारायची, कडा आत दुमडायच्या आणि त्यावरून दुसरी टीप मारायची, म्हणजे एकही कच्ची कड उघडी राहत नाही. कोपऱ्यावर तीनदा मागं-पुढं मशीन चालवायची. जाड कापडाला १६ नंबरची सुई लावा, थर वाढले तर १८. बारीक सुईनं ओढून शिवलंत तर सुई मोडते, आणि मोडलेला तुकडा कापडात राहिला तर पुढचं तुम्हीच समजा. आमच्याकडं आता नियम आहे. सुई मोडली की तिचे सगळे तुकडे सापडून डबीत पडेपर्यंत ती गादी पुढं जात नाही.

भरणाला टेलरकडच्या चिंध्या घेतो. त्यात टाचण्या असतात, हुक असतात, बटणं असतात. पहिल्यांदा हातानं निवडायचो आणि हाताला टोचली की कळायचं, टाचणी होती म्हणून. मग माझ्या मुलानं बिघडलेल्या स्पीकरमधलं लोहचुंबक काढून दिलं. चिंध्या पातळ पसरायच्या आणि ते वरून दोनदा फिरवायचं. हे मी स्वतःच्या शहाणपणानं शोधलं असं नाही, पोरगं वैतागलं होतं माझ्या तक्रारींना. तर ते असो. चिंधी दोन बोटांच्या रुंदीहून मोठी ठेवायची नाही, नाहीतर आत गोळे होतात. कापूस वापरून बघितला, तो महिन्यात एका कोपऱ्यात जाऊन बसतो, आणि सारखा पिंजून कोण देणार?

आता मुख्य गोष्टीवर येते. मघापासून टाळतेय.

पुण्यातल्या एका दुकानानं आम्हाला ऑर्डर दिली. ३० गाद्या आणि मांजरांची ४० खेळणी. दुकानाचं नाव सांगत नाही, त्यांची काही चूक नव्हती. आम्ही एवढ्या हरखलो की बँकेच्या कर्जातून इंटरलॉक मशीन घेतली. खेळणी पुढं पाठवली, गाद्या मागून देणार होतो. खेळणं म्हणजे कापडाचा छोटा मासा, आत थोडं भरण. त्याला मी माझ्या मनानं एक भर घातली. शेपटीला गोंडा लावला. बेंदराच्या झुलीचा असतो तसा, लाल-पिवळा, धाग्यांचा, वीतभर लांब. डोळ्यांच्या जागी बटणं. दिसायला इतकं देखणं झालं होतं की आमच्या पोरी खेळायला मागत होत्या.

तीन आठवड्यांनी दुकानातून फोन आला. एका बाईंच्या मांजरानं गोंड्याचा धागा गिळला होता.

मला आधी कळेचना की त्यात एवढं काय. म्हशीच्या पोटात प्लॅस्टिक जातं, ते आपण ऐकतो. धाग्यानं काय होणार? मग त्या बाईंनी स्वतः फोन केला. रागावल्या नाहीत, त्याचंच जास्त लागलं. त्यांना डॉक्टरांनी जे सांगितलं ते त्यांनी मला सांगितलं, मी तुम्हाला सांगते. मांजराच्या जिभेवर बारीक काटे असतात आणि ते सगळे घशाकडं वळलेले असतात. मांजरानं आपला हात चाटला की खरखरीत लागतं ना, तेच ते. तोंडात धागा गेला की मांजराला तो बाहेर टाकताच येत नाही, काट्यांनी आतच जातो. एक टोक जिभेखाली नाहीतर पोटात अडकतं आणि दुसरं आतड्यात पुढं पुढं सरकतं. आतडं त्या धाग्यावर गोळा होतं. कसं, तर परकराच्या नाडीवर नेफा गोळा होतो तसं. आणि ताणलेला धागा आतड्याला आतून कापतो. त्या मांजराचं पोट उघडून ऑपरेशन करावं लागलं. वाचलं. पण पाच दिवस ते जगतंय की मरतंय अशा स्थितीत होतं, आणि बाईंच्या घरात त्यांची लहान मुलगी त्याच्याजवळ बसून होती.

जाता जाता सांगते. तुमच्या घरच्या मांजराच्या तोंडातून किंवा मागून असा धागा लोंबताना दिसला तर ओढायचा नाही. आतलं आतडं कापतं त्यानं. तसंच्या तसं जनावरांच्या डॉक्टरकडं न्यायचं. आपल्या घरात शिवण असते, सुई-दोरा खाली पडलेला असतो आणि मांजर तर प्रत्येक घरात असतं. शिवण झाली की रीळ डब्यात आणि डबा बंद.

तो गोंडा माझ्या हातचा होता. सगळ्या चाळीसच्या चाळीस.

रात्री बैठक घेतली. त्या बैठकीचं इतिवृत्त रजिस्टरला आहे, पण त्यात जेवढं लिहिलंय त्याच्या दसपट बोलणं झालं. दुकानाला एका खेळण्याची तक्रार माहीत होती. बाकीच्यांपैकी ३१ विकली गेली होती आणि ८ दुकानात होती. एक ताई म्हणाली, एकच तक्रार आहे, त्याचे पैसे परत देऊ आणि गप्प बसू. गाद्यांचं काम हातातून गेलं तर इंटरलॉकचा हप्ता कोण भरणार? तिचं चूक होतं असं मी म्हणत नाही. तिच्या नवऱ्याला त्या वेळी काम नव्हतं, हप्त्यातला तिचा वाटा तिनं कानातलं गहाण ठेवून भरला होता. दुसरी म्हणाली, बाकीच्या ३१ घरांत पण मांजर आहे. मग बराच वेळ कुणी बोललं नाही. मग सगळ्या माझ्याकडं बघायला लागल्या, गोंडा माझा होता म्हणून.

मी काही थोर बोलले नाही. मला झोप येत नव्हती, एवढंच सांगितलं.

सकाळी दुकानाला फोन केला. सांगितलं की विकलेल्या सगळ्या लोकांना कळवा, गोंडा आणि बटणं कापून टाका, नाहीतर खेळणंच फेकून द्या, पैसे आम्ही देतो. दुकानदारानं कळवलं. आणि दोन दिवसांनी गाद्यांची ऑर्डर रद्द केली. तेव्हा २६ गाद्या शिवून तयार होत्या. त्याच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं. पण त्या २६ गाद्या माझ्या पुढच्या खोलीत छतापर्यंत रचलेल्या होत्या आणि जाता-येता दिसायच्या.

चार महिने हप्ता आम्ही गटाच्या बचतीतून आणि दोघी-तिघींच्या खुरपणीच्या पैशातून भरला. ग्रामसंघानं सांभाळून घेतलं, ते इथं सांगायलाच पाहिजे. आठ गाद्या तशाच ओळखीतून विकल्या. उरलेल्या अठरा उसवून त्यांची बसकरं आणि पायपुसणी केली आणि जत्रेत विकली. बसकर चाललं बरं का. भजनी मंडळांनी घेतली, पारायणाला बसणाऱ्यांनी घेतली. जाड, बसायला मऊ, धुता येणारं. कुत्र्याच्या गादीवर आता माणसं पारायण ऐकतात, असं माझे सासरे म्हणतात, आणि स्वतः तेच बसकर घेऊन बसतात.

त्या चार महिन्यांत मी सासूबाईंची झूल परत काढून बघितली. म्हटलं, पिढ्यान्पिढ्या गोंडे लावतोय, बैलाला कधी काही झालं नाही. मग दिसलं. बैलाचा गोंडा कुठं असतो? शिंगाला, कपाळावर, मानेवर, झुलीच्या कडेला. त्याचं तोंड जिथं पोचत नाही तिथं. आणि एक दिवसापुरता असतो, संध्याकाळी उतरवून ट्रंकेत. शिवाय दिवसभर शेजारी माणूस असतो. मी तोच गोंडा उचलून मांजराच्या तोंडात दिला, आणि चोवीस तासांसाठी दिला. सासूबाईंना विचारलं तर म्हणाल्या, “मग? तुला कुणी सांगितलं होतं तिथं लावायला?”

तेव्हापासून आम्ही डिझाइन हा शब्दच बंद केला. नवी वस्तू काढली की पहिला प्रश्न, ह्याच्या तोंडात काय येणार? कुत्रं चावतं, मांजर चाटतं. बटण नाही, मणी नाही, टिकली नाही, लेस नाही, लोंबता धागा नाही. डोळे काढायचे तर कापडावर भरतकामानं, घट्ट बसलेल्या बारीक टाक्यांनी. चेनीचा खटका कापडाच्या पट्टीखाली झाकायचा, नाहीतर पहिल्याच दिवशी चावून निघतो. शिवून झालं की दोघींनी दोन बाजूंनी धरून जीव खाऊन ओढायचं. आमच्यातली सगळ्यात दणकट कोण आहे ते तुम्हाला माहीत आहे, मागं बसलीय, हसतेय बघा. तिच्या हातातून सुटलं तर सुटलं. मग धुवायचं, पिळायचं, वाळवायचं, परत ओढायचं. आणि नवा नमुना असला तर गल्लीतल्या लाल्याला द्यायचा. लाल्या म्हणजे आमच्या मंदिरापुढचं कुत्रं. त्याच्यापाशी एकीनं बसून राहायचं, नुसता देऊन यायचं नाही, तुकडा निघाला की लगेच काढून घ्यायचा.

मांजरांची खेळणी आम्ही बंदच केली. शिवता आली असती, पण माझा हात होत नाही. कुत्र्यांसाठी साडीच्या काठाची चुंबळ करतो. हो, डोक्यावर हंडा घ्यायला करायचो तीच चुंबळ. जरीचा नाही, सुती काठ घ्यायचा, घट्ट पिळायचा, गोल करून टोकं आत घालून शिवायची. एका बाजूनं कुत्रं धरतं, एका बाजूनं माणूस ओढतो. कुत्र्यांना ते भारी आवडतं. पण ती पण कायमची नाही. सोबत चिठ्ठी देतो: खेळताना जवळ राहा, धागे सुटायला लागले की फेकून द्या. एक दुकानदार म्हणाला, अशी चिठ्ठी दिली तर लोक घाबरतील. घाबरू देत की.

कुत्र्यांचे कोट पण थोडे शिवले. सगळ्यांना कोट लागत नाही, दाट केसांच्या कुत्र्याला तर उकडतं. म्हाताऱ्या किंवा कमी केसांच्या कुत्र्याला थंडीत बरा. नर कुत्र्याला शिवताना पोटाखालची पट्टी पुढं, छातीजवळ घ्यायची. मागं गेली तर काय होतं ते आम्हाला गिऱ्हाइकानं व्हिडिओ पाठवून दाखवलं.

आता हिशेब. ह्यात आमची दुसरी चूक आहे, आणि मला वाटतं ही इथल्या निम्म्या गटांची असेल.

आम्ही ती गादी ३५० रुपयांना विकत होतो. साहित्य काय लागायचं? साडी ३०, मांजरपाट दीड मीटर ९०, चेन २०, दोरा १०, चिंध्या ३ किलो ४५. झाले १९५. म्हणजे १५५ रुपये सुटले, आम्ही खूश. मग बँक सखी आली आणि तिनं विचारलं, वेळ किती लागतो? आम्ही म्हटलं, तासभर. ती म्हणाली, वही ठेवा आणि आठ दिवस घड्याळ बघून लिहा.

लिहिलं. मशीनवर सव्वा तास लागत होता, ते बरोबर. पण साड्या धुऊन इस्त्री करणं, चिंध्या निवडणं आणि कातरणं, कापणं, भरणं, चेन लावणं, धागे कापणं हे सगळं धरलं तर एका गादीला साडेचार तास. नुसत्या चिंध्यांतच दीड तास. तो आम्ही वेळच धरत नव्हतो, कारण ते काम टीव्ही बघत, गप्पा मारत चालायचं. गप्पा मारत केलं म्हणून काम नाही का ते?

१५५ मधून एसटीचं भाडं, पॅकिंग, लाइट, मशीनचं तेल-पट्टा असे गादीमागं २५ गेले. राहिले १३०. साडेचार तासांनी भागा. तासाला २९ रुपये पण नाहीत. आणि आमच्याकडं खुरपणीची हजेरी ३०० रुपये, दुपारची भाकरी सोडली तर सात तास, म्हणजे तासाला चाळीसच्या वर. उन्हात वाकून खुरपलं तर जास्त मिळत होतं आणि आम्ही समजत होतो की आम्ही उद्योजक झालो.

आता असं धरतो. साहित्य १९५, वरखर्च २५, मजुरी तासाला ५० प्रमाणे २२५. झाले ४४५. त्यावर गटाला १० टक्के, म्हणजे ४५. किंमत ४९०. ज्या बाईनं जेवढे तास लिहिले तेवढे पैसे तिच्या नावावर, शिवणारीला जास्त आणि चिंध्या निवडणारीला कमी असं नाही. ह्यावरून आमच्यात भांडण झालं, अजून पूर्ण मिटलेलं नाही. मशीनवाल्या म्हणतात आमचं कसब जास्त. पण टाचणी राहिली तर कसब कुठं जाईल, असं मी म्हणते. पुढच्या वर्षी कुणी दुसरं बोलायला उभं राहिलं तर निकाल सांगेल.

४९० म्हटल्यावर गिऱ्हाईक कमी झाली का? झाली. “जुन्या साड्याच तर आहेत” म्हणणारी गेली. जी राहिली ती परत येतात. त्या मांजरवाल्या बाई पण आहेत त्यात. ऑपरेशनच्या खर्चातले काही पैसे घ्या म्हणून आम्ही मागं लागलो होतो, त्यांनी घेतले नाहीत. सहा महिन्यांनी त्यांचीच ऑर्डर आली, दोन गाद्यांची. पहिल्या फोनला माझ्या तोंडातून शब्द फुटला नाही. त्यांनी मापं सांगितली, इंचांत, आणि फोन ठेवला. आता महिन्याला १५-१६ गाद्या जातात. फार नाहीत. इंटरलॉकचा हप्ता निघतो आणि प्रत्येकीच्या हातात थोडं पडतं. तिचं कानातलं दिवाळीत सुटलं.

वेळ संपली अशी खूण चाललीय, दिसतंय मला. दोनच गोष्टी. मागच्या टेबलावर गादी, चुंबळ, बसकर आणि कोट असे नमुने ठेवलेत. नुसते बघू नका, ओढून बघा, उसवलं तर मला येऊन सांगा. आणि ज्यांच्या गावात टेलर चिंध्या जाळून टाकतो त्यांनी त्याला थांबवा आणि पोत्यात भरून ठेवायला सांगा. किलोला १५ रुपये देतो, पोतं आम्ही येऊन नेतो. नायलॉन वेगळं, सुती वेगळं ठेवलंत तर उपकार होतील.

आणि हो, लोहचुंबक कोण घेऊन गेलंय सकाळी बघायला? ते परत टेबलावर ठेवा, आम्हाला उद्या लागणार आहे.